खोकल्यापासून एकतीस धोटे

माझा स्वभाव तिखट आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे वाचताना कोणी म्हणायला नको, की हा माणूस स्वतःच्या बापाशी असं कसं बोलला. बोललो. आणि ज्या एका वाक्यासाठी आज हे लिहायला बसलो, ते तर मी दारात उभा राहून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या जोरात बोललो होतो.

पवनीत विणकरांच्या गल्लीत आमचं घर. पुढच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत. भिंतीच्या अलीकडे माझा सीडीही लागणारा टेप आणि दोन स्पीकर, पलीकडे बाबांचा माग. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायांनी ताणा वरखाली करायचा आणि हातानं धोटा इकडून तिकडे फेकायचा, असा तो जुना माग. गल्लीतले बाकीचे माग एकेक करून चुलीत गेले होते. बाबा सत्तरी ओलांडूनही कोशाची थानं, म्हणजे टसर रेशमाचे तागे, विणत होते. खट्-खटाक्, खट्-खटाक्. जन्मल्यापासून तो आवाज मी ऐकत आलो, आणि जाणता झाल्यापासून मला त्याचा राग होता.

मला आवडायचं ते विलायती वाद्यवृंदाचं संगीत. तरुणपणी रेडिओवर शॉर्टवेव्हचा काटा फिरवता फिरवता ते कानावर पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. शंभर माणसं एकदम वाजवतात, एक माणूस पुढे उभा राहून नुसते हात हलवतो, आणि तरी प्रत्येकाचं वेगळं ऐकू येतं. याचं मला वेड लागलं. गल्लीत माझं नाव पडलं इंग्रजी बँडवाला. बायको तर सरळ म्हणायची, "अवो, एवढा तास झाला तुमचा बँड वाजून राहिला, नवरदेव काही अजून दिसत नाही." मी चिडलो की तिला आणखी मजा यायची.

जिल्हा तुटला तेव्हा मी पंचायत समितीत कारकून होतो. अर्धी माणसं नव्या गोंदिया जिल्ह्यात गेली, अर्धी भंडाऱ्यात राहिली. आमचे एक अधिकारी दक्षिणेकडचे होते, त्यांना गोंदियाची बदली आली. सामान बांधताना त्यांनी मला बोलावलं आणि कॅसेटचा एक खोका हातात ठेवला. म्हणाले, "तुम्ही ऐकता. तिकडे कोण ऐकणार?" त्या खोक्यात ती सिंफनी होती. विलायतेतल्या एका संगीतकाराची, गेल्या शतकातली, चार भागांची. तिसरा भाग संथ. त्यात एक जागा अशी येते, की सगळी तंतुवाद्यं हळूहळू विरत जातात, एकच पावा उरतो, तोही थांबतो, आणि मग फार दुरून ढोल वाजायला लागतो. ती जागा आली की मी डोळे मिटून घ्यायचो. कधी कधी रडायचोही. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला कारकून पवनीत बसून का रडतो, हे मला कधी कोणाला सांगता आलं नाही.

सांगता येईल अशी जागा एकच होती. नागपूरला असं संगीत ऐकणाऱ्यांचं एक मंडळ होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी पन्नास-साठ माणसं एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमायची. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राध्यापक, फार ऐकलेला माणूस. दर वेळी रेकॉर्ड वाजवून बोलायचं काम त्यांचंच. मी यष्टीनं जाऊन मागच्या खुर्चीवर बसायचो आणि तोंड न उघडता परत यायचो. पण त्यांचा आवाज बसत चालला होता. एकदा त्यांनी मला अडवलं. "तुम्ही त्या सिंफनीवर एक टिपण द्या ना आमच्या पत्रिकेला. माझ्याकडे तिच्या दोन सीडी आहेत, तुमच्याकडे कॅसेट आहे. तिन्हींची तुलना करा."

मी त्या दोन्ही सीड्या घरी नेल्या आणि टिपण दिलं. ते छापून आलं आणि त्यांचा निरोप आला, की येत्या पहिल्या रविवारी याचाच कार्यक्रम तुम्ही लोकांसमोर रेकॉर्डिंग वाजवून करा. तो जमला तर पुढचे सगळे पहिले रविवार तुमचे.

आता कोणाला वाटेल, त्यात काय एवढं. मला विचारा. वीस वर्षं ज्याला लोक बँडवाला म्हणून हसले, त्याला कोणीतरी खुर्ची देऊन म्हणत होतं, बोला, आम्ही ऐकतो. आयुष्यात मला दुसरं काही नको होतं. मी आठ दिवसांची रजा टाकली.

टिपणात मी काय लिहिलं होतं तेही सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तीन रेकॉर्डिंग, तीन वाद्यवृंद, तीन संचालक, म्हणजे ते हात हलवणारे. पहिली सीडी एका नामांकित इंग्रज संचालकाची; ती घाईची, असं मी लिहिलं. कॅसेटवरचा संचालक मला भित्रा वाटला. संथ भागात तो रेंगाळतो, त्याला पुढे जायची हिंमत होत नाही, असं मी ठोकून दिलं. आणि दुसरी सीडी! ती अध्यक्षांच्या जिवाची. परदेशातल्या कुठल्याशा दुकानात स्वस्तात मिळालेली, वाद्यवृंदाचं नाव कोणी ऐकलेलं नाही, संचालकाचं त्याहून नाही. तिच्याबद्दल मी लिहिलं, की हा अनामिक माणूस खरा धाडसी, जिथे कॅसेटवाला डगमगतो तिथे हा निर्भयपणे शांततेत उतरतो. वाक्य मला फार आवडलं होतं. अध्यक्षांनाही आवडलं होतं. ते वाक्य लिहिताना त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

रजेच्या पहिल्याच सकाळी भांडण झालं.

तेव्हा लोडशेडिंगचे दिवस. लाइन सकाळी थोडी यायची, दुपारी थोडी, बाकी अंधार. लाइन होती तेवढ्यात मी कॅसेट लावली. तिसरा भाग आला, पावा उरला, मी डोळे मिटले, आणि भिंतीपलीकडून खट्-खटाक्! मी उठलो तो बाबांच्या दारात. "बंद करा ना ते! लाइन आहे तेवढंच माहं ऐकणं होते!"

बाबा म्हणाले, "आयतवारपर्यंत थान उतरवाचं आहे रे. तुहं ऐकणं चालू दे. मले काही तरास नाही त्याचा."

त्यांनी ते साधेपणानं म्हटलं होतं. पण माझ्या डोक्यात राख गेली. "तुम्हाले कायचा तरास होईन! मागाच्या खटखटीनं कान गेले तुमचे! तुम्हाले ऐकू येते काय?"

धोटा त्यांच्या हातात होता. त्यांनी तो हळूच कापडावर ठेवला.

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. बारीक कोशाची तार त्यांना दिसत नव्हती. ते कानानं विणायचे. तार तुटली की खटचा आवाज बदलतो म्हणायचे. मला कधी बदललेला कळला नाही, त्यांना लगेच कळायचा. हात थांबायचा, बोटं चाचपत नेमकी तुटलेल्या तारेवर जायची. व्यापारी म्हणायचा, काकाजींच्या थानात विणीचा डाग सापडला तर दाखवा. म्हणजे उरलं होतं ते सगळं त्यांचं त्या कानांत होतं. आणि मला हे माहीत होतं. माहीत नसतं तर गोष्ट वेगळी.

बायको स्वयंपाकघरातून आली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला बाजूला व्हावं लागलं. तिनंच तोड काढली. "हे पाहा, मागाले लाइन लागत नाही. लाइन असली का यांचा बँड, लाइन गेली का बाबांचा माग. झालं?"

"हाव बाई," बाबा म्हणाले. "लाइन आली का मी थांबतो."

आणि ते थांबायचे. बल्ब लागला की खटाक् बंद. पण उठून बाहेर जायचे नाहीत. खड्ड्यात पाय सोडून, हात मांडीवर ठेवून तसेच बसून राहायचे. भिंत कसली, विटांचा पडदा. मी इकडे तीच जागा वीसदा ऐकत होतो, कॅसेट, सीडी, दुसरी सीडी, परत कॅसेट, वहीत टिपणं काढत होतो. आणि ते पलीकडे बसून निमूटपणे ऐकत होते, हे माझ्या लक्षातही आलं नाही. मला वाटायचं, लाइन जायची वाट पाहून राहिले.

शुक्रवारी दुपारी लाइन गेली. मी वही मिटून अंगणात येऊन बसलो. रविवारच्या विचारानं दोन दिवस जेवण जात नव्हतं. माग सुरू व्हायला पाहिजे होता, झाला नाही. बाबा काठी टेकत बाहेर आले आणि ओट्यावर बसले.

"एक इचारू का?"

"विचारा."

"तू तीन थानं ऐकून राहिला ना?"

"तीन रेकॉर्डिंग आहेत, बाबा."

"तेच ते. त्यातलं एक वेगळं आहे, घाईचं. बाकीचे दोन काहून लावतं? ते तं एकच थान आहे."

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, गाढवापुढे वाचली गीता. नशीब, मनात म्हटलं. त्यांना मी शहाण्यासारखं समजावून सांगितलं, की सिंफनी एकच असते, ती लिहिलेली असते, पण वाजवणारे वेगळे, वाजवून घेणारा वेगळा, म्हणून ती वेगळी होते. दोन विणकर एकच काठ विणतात ना, तसं.

"ते समजलं मले," बाबा म्हणाले. "नमुना एक असते, थान दोन असतात. मी नमुन्याचं नाही बोलून राहिलो. डागाचं बोलून राहिलो."

"कायचा डाग?"

"तो पावा थांबते ना, मंग कोणीतरी खोकलते. मंग खुर्ची करकरते. मंग तो ढोल येते. खोकल्यापासून ढोलापर्यंत माहे एकतीस धोटे होतात."

"तुमचा माग तर बंद असते."

"हात बंद असतात. डोक्यातला धोटा कुठी बंद होते? चालूच राहते तो." त्यांनी मांडीवर बोट वाजवून दाखवलं, एक, दोन, तीन, मागाच्या चालीनं. "तुह्या त्या तबकडीत एकतीस. पट्टीवाल्या डबीत बत्तीस, कधी साडेबत्तीस. एवढं तं कापड धुतल्यावर आटते-वाढते. पण खोकला तोच, करकर तीच, तेवढ्याच अंतरावर."

"सीडीत खोकला नाहीच!" मी ओरडलो. "मी शंभरदा ऐकली ती!"

"आहे. दबून आहे. डागावर खळ चढवली आहे कोणी. खळीनं डाग झाकते, मिटत नाही." आणि मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, जे विणकराशिवाय कोणाला सुचलं नसतं. "बाप्पा, एकाच माणसानं दोन थानं विणली तरी डाग एका जागी येत नाही. दोन थानात एकाच जागी डाग सापडला तं समजाचं, थान एकच, घडी मोडून दुसऱ्या नावानं इकलं."

मी त्यांना काय बोललो ते आठवत नाही. काहीतरी वाईटच बोललो असेन, कारण ते उठून आत गेले आणि माग सुरू झाला.

संध्याकाळच्या आत लाइन आली. माग थांबला. मी दार लावलं, अध्यक्षांची ती दुसरी सीडी घातली, स्पीकरला कान चिकटवला आणि आवाज होता तेवढा मोठा केला. पावा थांबला. आणि तिथे, पाण्याखालून यावा तसा, खोकला होता. मग करकर. मी घड्याळ लावून ढोलापर्यंतचे सेकंद मोजले. मग कॅसेट. तोच खोकला, तीच करकर. कॅसेट दोन सेकंद मागे. माझ्या टेपचा पट्टा सैल झाला होता, ती जरा हळू फिरत होती.

म्हणजे माझा तो भित्रा संचालक भित्रा नव्हता. माझा पट्टा सैल होता. आणि धाडसी अनामिक माणूस असा कोणी नव्हताच. कुठल्यातरी कंपनीनं जुनंच रेकॉर्डिंग घासून-पुसून बनावट नावानं विकलं होतं. एकाच माणसाला मी एका पानावर भित्रा आणि दुसऱ्या पानावर निर्भय म्हटलं होतं, आणि ते छापून साठ घरांत गेलं होतं. वीस वर्षं मी कान तयार केले असं समजत होतो. खोकला ऐकायचाच नाही, संगीत ऐकायचं, अशी मी कानांना सवय लावली होती, आणि तिचा मला गर्व होता.

शनिवारी सकाळी बसस्थानकाजवळच्या बूथवरून मी अध्यक्षांना फोन लावला. सांगायचं म्हणूनच लावला होता. पलीकडून बसका, आनंदी आवाज आला. "अहो, मीच करणार होतो तुम्हाला! सगळ्यांना सांगितलंय, माझ्यानंतर हेच. आणि माझी ती सीडी शेवटी वाजवा हं. माझ्या आयुष्यातला तो एक शोध आहे. पंधरा वर्षं मी लोकांना सांगतोय, ऐका, ऐका, आता तुम्ही लिहिलंत तेव्हा पटलं त्यांना."

"हो सर," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

घरी आलो तर बाबा ओट्यावर बसून टोपीला हातानं इस्त्री करत होते. "उद्या मीबी येतो नागपूरले," म्हणाले. "आठ दिवस ऐकलं, तं तू काय बोलतं तेबी ऐकतो."

"तिथे तुम्हाले काय..." म्हणता म्हणता थांबलो. बायको पाहत होती. ती नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, "उभ्या आयुष्यात ते तुमच्यासंग चला म्हणाले का कधी? न्या त्यांले." तिला डागाचं काही माहीत नव्हतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि बाबांनीही नव्हतं.

रविवारी आम्ही भिवापूर, उमरेड करत यष्टीनं नागपूरला निघालो. माझ्या मांडीवर कॅसेट आणि सीड्यांची पिशवी. ते खिडकीशी, धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये. मला एकच विचार खात होता: हे तिथे बोलले तर? आणि त्याच्याखाली दुसरा: मी बोललो तर? धरलं तर चावते, सोडलं तर पळते. सांगितलं तर मी मूर्ख ठरणार, त्या म्हाताऱ्या प्राध्यापकाचा पंधरा वर्षांचा शोध साठ लोकांसमोर मातीत जाणार, आणि पहिला रविवार कायमचा गेला. नाही सांगितलं तर कोणाचं काय बिघडतं? झाकली मूठ. उमरेडपर्यंत मी ठरवलं होतं, सांगायचं. नागपूरचा पूल दिसला तोवर ठरवलं होतं, पुढच्या महिन्यात सांगू.

हॉल भरला होता. बाबांना मी शेवटच्या रांगेत बसवलं, माझ्या त्या नेहमीच्या खुर्चीवर.

मी बोलायला लागलो आणि, काय सांगू, चांगला बोललो. लोक वही काढून लिहायला लागले. मी पहिली सीडी वाजवली, घाईची. मग कॅसेट. तंतुवाद्यं विरत गेली, पावा उरला, आणि पावा थांबायच्या आधी माझ्या बोटानं आवाजाचं बटण हळूहळू शून्यावर आणलं. ते मी शनिवारीच ठरवून ठेवलं होतं. खोकला यायच्या आत बंद. मग अध्यक्षांची सीडी. परत पावा, परत माझं बोट. त्या दोन तुकड्यांमध्ये मी माझं वाक्य म्हटलं. जिथे तो डगमगतो, तिथे हा निर्भयपणे शांततेत उतरतो. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत अध्यक्षांनी डोळे पुसले.

मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. बाबांचं बोट मांडीवर हलत होतं. मी सीडी बंद केली होती तरी ते हलत होतं. थोड्या वेळानं, ढोल यायला पाहिजे होता तिथे, ते थांबलं.

प्रश्नोत्तरं झाली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात अध्यक्ष उठले आणि शेवटच्या रांगेकडे हात करून म्हणाले, "हे तुमचे वडील ना? इतक्या लांबून आले. बाबा, तुम्ही सांगा. यातलं तुम्हाला कोणतं आवडलं? फरक जाणवला का काही?"

साठ माना वळल्या. बाबा काठीवर भार देऊन उभे राहिले. मी मनात म्हणून राहिलो होतो, बाबा, नका. आणि खरं सांगतो, त्याच वेळी हेही म्हणत होतो, की बोला, बोलून टाका, मला यातून सोडवा.

ते माझ्याकडे पाहत होते. मोतीबिंदूच्या डोळ्यांना एवढ्या लांबून मी किती दिसत होतो देव जाणे.

"साहेब," ते म्हणाले, "मले काय समजते त्यातलं. मागाच्या खटखटीनं कान गेले माहे. मले ऐकू येत नाही."

माझाच शब्द न् शब्द होता.

लोक हसले, मायेनं हसले. कोणीतरी टाळी वाजवली. अध्यक्ष म्हणाले, "तरी मुलासाठी आले, बघा." बाबांनी हात जोडले आणि खाली बसले. साठ अनोळखी माणसांत, ज्या कानांवर त्यांचं पोट होतं आणि नाव होतं, ते त्यांनी माझ्यासाठी बहिरे करून टाकले. मी टेबलापाशी उभा होतो आणि माझ्या तोंडातून एक अक्षर निघालं नाही. निघायला पाहिजे होतं. तेव्हाही वेळ होती.

मला पहिला रविवार मिळाला. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर पाठीवर हात ठेवला.

परतीच्या गाडीत मी दोनदा "बाबा" म्हटलं. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मला वाटलं, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी माग चालू होता. मी ऑफिसला जायच्या आधी चहा घेत बसलो होतो. बल्ब लागला. लाइन आली. भिंतीपलीकडे खटाक् थांबलं.

मी टेप लावला नाही. मिनिट गेलं, दोन गेली. शेवटी मी उठलो आणि त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो, जिथून ओरडलो होतो तिथेच. ते खड्ड्यात पाय सोडून बसले होते, धोटा हातात, तोंड भिंतीकडे.

"बाबा, विणा तुम्ही," मी म्हटलं. "मी काही लावत नाही. माहं चुकलं."

"काय म्हणलं?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"माहं चुकलं म्हणलं!" मी मोठ्यानं म्हटलं. गल्लीतून कोणी जात होतं ते थांबून पाहायला लागलं. "तुम्ही विणा!"

"ऐकू येत नाही रे बाप्पा," बाबा म्हणाले. "कान गेले ना माहे."

आणि लाइन जाईपर्यंत ते धोटा हातात धरून तसेच बसून राहिले.